रजा, सुट्टी आणि विसावा

एम.ए.च्या वर्गात भाषांतराचा तास चालला होता. एका विद्यार्थिनीने उठून विचारले, 'सर, सेल्फ-कम्पॅशनला मराठीत काय म्हणायचं?' फळ्यावर एकामागून एक शब्द चढू लागले. आत्मकरुणा, आत्मदया, स्वानुकंपा. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, 'स्वतःची कीव!' आणि वर्ग हसला. आम्हीही हसलो. तास संपल्यावर फळा पुसून आम्ही शिक्षकखोलीत आलो. पण ते हसणे काही केल्या मनातून पुसले जाईना. इतर सगळे शब्द कोशातले होते, एवढा एकच शब्द तोंडातला होता, आणि तोच नेमका चुकीचा होता. स्वतःशी दयेने वागण्याची कल्पना मराठी मनाला सुचते ती कीव म्हणूनच, आणि कीव म्हटली की ती लाजिरवाणी ठरते. हा केवळ शब्दांचा घोळ आहे असे आम्हांला वाटत नाही.

कीव आणि करुणा यांत अंतर आहे. कीव वरून खाली पाहते. जो कीव करतो तो स्वतःला त्या दुःखापासून सुरक्षित समजत असतो. करुणेत हे वर-खाली नसते. म्हणून स्वतःची कीव करणारा माणूस मोठ्या चमत्कारिक अवस्थेत सापडतो: तोच वर उभा राहतो आणि तोच खाली पडलेला असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये या संकल्पनेची जी मांडणी केली, तिच्यात तीन घटक आहेत. एक, चूक किंवा अपयश आल्यावर स्वतःशी मायेने वागणे. दोन, आपले दुःख हे माणसांच्या सामाईक दुःखाचाच भाग आहे हे ओळखणे. आणि तीन, त्या दुःखाकडे ते न नाकारता, न फुगवता पाहणे. यांतील दुसरा घटक वाचताना साहित्याच्या अभ्यासकाला काहीतरी ओळखीचे वाटले पाहिजे. ते काय, याकडे आम्ही पुढे येऊच. त्याआधी थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे, कारण या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार वाचनातून आलेला नाही.

2018 च्या पावसाळ्यात आमचा आवाज गेला. वीस वर्षांहून अधिक काळ मोठ्या वर्गांत, ध्वनिक्षेपकाशिवाय, पत्र्यावरच्या पावसाशी स्पर्धा करीत शिकवल्याचा तो परिणाम होता. तालुक्याच्या गावी इलाज होईना म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितले की स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्या आहेत. दोन आठवडे संपूर्ण मौन पाळायचे, पुढचे नंतर पाहू. 'हळू आवाजात बोललो तर?' असे आम्ही कुजबुजत विचारले, तेव्हा ते म्हणाले, 'कुजबुजण्यानंही ताण पडतो. अजिबात बोलायचं नाही.'

घरी येऊन आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे वेळापत्रक आखले. पहाटे ज्ञानेश्वरी, सकाळी दोन वर्षे रेंगाळलेला शोधनिबंध, दुपारी न वाचलेल्या समीक्षाग्रंथांचा गठ्ठा, रात्री टिपणे. वाणीला विश्रांती होती, आम्हांला नव्हती. चौथ्या दिवशी वेळापत्रक कोलमडले. शोधनिबंध पानभरही पुढे सरकला नव्हता. आम्ही स्वतःवर जे ताशेरे ओढले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. मौनात एक गोष्ट मात्र फार स्पष्ट ऐकू आली: बोलणे थांबले तरी आतला एक आवाज चालूच होता, आणि त्याच्या तंतूंवर एकही गाठ नव्हती.

आठव्या दिवशी कपाट आवरताना नोकरीच्या सुरुवातीच्या काळातल्या तासांच्या टाचणवह्या सापडल्या. प्रत्येक तासानंतर समासात लाल शाईने शेरा लिहिण्याची तेव्हा आम्हांला सवय होती. 'कच्चे.' 'तयारी नाही.' 'उदाहरण फसले.' 'वर्ग कंटाळला, दोष तुझाच.' पाने उलटत गेलो आणि लक्षात आले की शेकडो शेऱ्यांत एकही बरा शब्द नाही. इतकी वर्षे आम्ही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासतो आहोत. अगदी भरकटलेल्या उत्तरालाही कुठे अर्धा, कुठे एक गुण सापडतोच. परीक्षकाने तो शोधावा अशीच अपेक्षा असते. स्वतःच्या उत्तरपत्रिकेत तो अर्धा गुण आम्ही कधी शोधलाच नव्हता.

येथवरची गोष्ट आमच्यापुरती होती. ती तशीच राहिली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अकराव्या दिवशी फेरतपासणी करून परतताना एसटी स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. एक तरुण आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, 'सर, ओळखलंत का?' ओळखले होते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षात शिक्षण सोडून गेलेला मुलगा. आम्ही खिशातली छोटी वही काढून 'बोलायचे नाही, डॉक्टरांची आज्ञा' असे लिहून दाखवले. तो हसला आणि शेजारी बसला. गाडीला उशीर होता. आम्हांला मध्ये तोंड घालता येत नव्हते, म्हणून त्याचे बोलणे पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकून घेतले गेले.

त्या वर्षी त्याची आई आजारी होती. तो द्राक्षांच्या शीतगृहात रात्रपाळी करीत असे आणि सकाळी तिथूनच कॉलेजात येई. आमच्या तासाला त्याला डुलकी लागायची. एकदा आम्ही भर वर्गात म्हणालो होतो, 'झोपायचंच असेल तर घरी झोप. ज्याला शिकायचं असतं तो वेळ काढतो.' आम्हांला हे मुळीच आठवत नव्हते. त्याला शब्दन् शब्द आठवत होता. आणि ते सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो म्हणाला, 'तुमचं बरोबरच होतं सर. मीच आळशी होतो.'

आम्ही वहीत लिहिले: 'तू आळशी नव्हतास. तू दमला होतास.' त्याने ते वाचले, जरा वेळ वही तशीच हातात धरली आणि मग काही न बोलता परत दिली. गाडी लागली. तो पिशवी वर चढवून देऊन निघून गेला.

त्या प्रवासात जे समजले ते असे. 'ज्याला शिकायचं असतं तो वेळ काढतो' हे वाक्य आम्ही त्या मुलासाठी घडवलेले नव्हते. ते आम्ही स्वतःला वर्षानुवर्षे ऐकवत आलो होतो. त्या दिवशी ते फक्त मोठ्याने उच्चारले गेले. स्वतःशी कठोर आणि इतरांशी मृदू असा माणूस असतो, असे आपण मानतो. क्वचित असेलही. पण बहुतेकांच्या घरी माप एकच असते आणि आज ना उद्या त्याच मापाने दुसऱ्याचे धान्य मोजले जाते. स्वतःविषयीची करुणा म्हणजे स्वतःचे लाड, असा आक्षेप घेणाऱ्यांना आमचे उत्तर एवढेच आहे: आमच्या निष्करुणतेचे मोल आम्ही दिले नाही, त्या मुलाने दिले.

आता विश्रांतीकडे वळू. मराठीत थांबण्यासाठी कितीतरी शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. 'रजा' हा मूळचा अरबी शब्द; त्याचा अर्थ संमती, परवानगी. रजा दुसऱ्याने द्यायची असते, म्हणून तिच्यासाठी अर्ज करावा लागतो. 'सुट्टी'त सुटणे ऐकू येते. जो बांधलेला आहे त्यालाच ती मिळू शकते. 'सवड' ही कामे उरकून उरली तर उरते, आणि ती सहसा उरत नाही. 'उसंत' तर आपण नकारातच अधिक वापरतो: उसंत नाही, उसंत मिळाली नाही. या सगळ्यांहून 'विसावा' वेगळा आहे. विसावा मागावा लागत नाही, तो घ्यायचा असतो. आणि तो चालणे संपल्यावर घेण्याचा नसून चालण्याच्या मध्ये घेण्याचा असतो. पंढरीच्या वारीत पालखीचे विसावे आणि मुक्काम ठरलेले असतात. आळंदी-देहूहून निघालेल्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात. तेथे थांबले म्हणून वारी खंडित झाली असे कोणी वारकरी म्हणत नाही. विसावा वारीतच मोजला जातो. आम्ही शिकलेसवरलेले लोक मात्र रजेच्या अर्जापलीकडचे थांबणे जाणतच नाही. स्वतःजवळसुद्धा आम्ही अर्जच करतो, आणि स्वतःच तो नामंजूर करतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी तरी हा शब्द इतका स्वस्तात सोडून द्यायला नको होता, कारण विश्रांती ही आपल्या काव्यशास्त्राच्या गाभ्यातली संज्ञा आहे. नाट्याचे प्रयोजन सांगताना भरताने दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांचा उल्लेख केला आहे. अशांना योग्य वेळी विश्रांती देणारे ते नाट्य, असे नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. उपदेश, हित, बुद्धिवर्धन हेही तेथे आहे, पण दमलेल्या माणसाला त्या यादीत सन्मानाने जागा आहे. पुढे अभिनवगुप्ताने रसास्वादाचे स्वरूप सांगताना चित्ताच्या विश्रांतीची भाषा वापरली. त्याच्या दृष्टीने रसानुभव म्हणजे चित्ताने इकडेतिकडे न धावता एका ठिकाणी स्थिरावणे. या स्थिरावण्याच्या आड येणारी सात विघ्नेही त्याने मोजली आहेत. त्यांतील एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखांनी विवश होणे. घरची विवंचना घेऊन नाटकाला बसलेल्या प्रेक्षकाला समोरचे नाटक दिसत नाही.

आत्मकरुणा आणि आत्मकीव यांतला भेद येथे आम्हांला प्रथम नीट उमगला. स्वतःची कीव करणारा आणि स्वतःला झोडपणारा हे दोघे वरवर विरुद्ध दिसतात; वस्तुतः दोघेही त्या एकाच विघ्नाने ग्रासलेले असतात. दोघांनाही स्वतःपलीकडचे काही दिसत नाही. याउलट करुणेला साधारणीकरण लागते. रंगभूमीवरचे दुःख ना केवळ माझे, ना केवळ त्याचे. ते माणसाचे म्हणून अनुभवाला येते. नेफ यांच्या मांडणीतला सामाईक दुःखाचा घटक ओळखीचा वाटतो तो यामुळे. दोन्ही परंपरांची सांगड घालण्याचा आमचा हेतू नाही. रसविचार हा कलेविषयीचा विचार आहे, जगण्याचे ते पथ्यपुस्तक नव्हे. तरी फळ्यावर त्या दिवशी न लिहिलेला पाचवा शब्द आता आम्ही सुचवू: सहृदयता. पात्राच्या चुका दिसत असूनही जो त्याला वाऱ्यावर सोडत नाही, तो सहृदय. शोकांतिकेच्या नायकाकडे आपण ज्या समजुतीने पाहतो, त्या समजुतीने स्वतःच्या एखाद्या फसलेल्या वर्षाकडे पाहता येईल की नाही, एवढाच प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप आमच्याच परंपरेतून येईल. संतांनी स्वतःला किती दोष दिले आहेत! तुकोबांनी स्वतःविषयी जे कठोर शब्द वापरले तसे दुसऱ्या कोणाविषयी क्वचितच वापरले असतील. मग ही मायेची भाषा कुठून आणली? आमच्या मते येथे एक गोष्ट नजरेआड होते. दुष्काळ, दिवाळे, अन्नावाचून गेलेली पत्नी, हे सारे भोगलेला तो माणूस आपले दोष कोणापुढे तरी उघडे करतो आहे. समोर विठ्ठल आहे, आणि वारकऱ्यांनी त्याला माउली म्हटले आहे. आईपुढे केलेली कबुली आणि एकांतात स्वतःवर चालवलेला खटला यांत फरक आहे. पहिल्यात जवळ घेणारे कोणीतरी गृहीत आहे. आम्ही आधुनिकांनी संतांकडून आत्मदोषांची यादी तेवढी उचलली आणि माउली मागे ठेवली. श्रद्धा असो वा नसो, ऐकणाऱ्याची ती जागा रिकामी ठेवून चालत नाही; ती रिकामी राहिली की तेथे परीक्षक येऊन बसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्हांला पूर्णपणे परतवता येत नाही. विश्रांतीच्या गोष्टी पगारी माणसाने कराव्यात. ज्याचे हातावर पोट आहे त्याने काय करावे? त्या रात्रपाळीच्या मुलाला 'स्वतःशी दयेने वाग' असे सांगणे म्हणजे क्रूर विनोदच झाला असता. हे खरे आहे. म्हणूनच नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण ठेवली पाहिजे. त्यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती अशा मागण्या मांडल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आठवड्याचा तो एक दिवस मिळवायला सहा वर्षे लागली. ज्यांनी तो मागितला त्यांनी गिरण्या थांबाव्यात असे म्हटले नव्हते; माणूस म्हणजे गिरणीचा भाग नव्हे, एवढेच ते सांगत होते. विश्रांती ही आधी हक्काची बाब आहे आणि मग मनाची. ज्यांना हक्क मिळालेला नाही त्यांच्यासाठी मनाच्या गोष्टी पुरत नाहीत.

पण याची दुसरी बाजूही आहे. हक्काचा रविवार मिळूनही ज्यांच्या मनाला रविवार नाही, त्यांचे काय? 2010 च्या विनियमांनी प्राध्यापकांच्या कामाला गुणांचे तक्ते लावले. पुढे त्या पद्धतीत बदल झाले. तक्त्यांचा संस्कार मात्र राहिला. वाचलेले पुस्तक कुठल्या रकान्यात बसेल, असा विचार मनात आल्यावाचून आमचे अनेक सहकारी आता पुस्तक उघडू शकत नाहीत. त्यांत आम्हीही आलो. आणि घरातल्या बाईचा रविवार तर लोखंड्यांच्या काळापासून आजवर कोणी मागितलेलाच नाही. त्या दोन आठवड्यांत आम्ही गप्प बसलो होतो तेव्हा स्वयंपाकघरात नेहमीपेक्षा एक काढा जास्त उकळत होता. आमच्या विश्रांतीचे श्रम कोणीतरी करीत होते. आपली विश्रांती कोणाच्या श्रमांवर उभी आहे, हे न पाहणारी आत्मकरुणा अर्धवटच राहील.

शेवटी जगण्याच्या अर्थाविषयी. हा शब्द उच्चारताना संकोच होतो, कारण अर्थ शोधणे हेही आता एक काम होऊन बसले आहे. तेही वेळापत्रकात पहाटेच्या जागी लिहिले जाते. आनंदवर्धनाच्या परंपरेत व्यंग्यार्थाला घंटेच्या अनुरणनाची उपमा दिली जाते. टोल पडून गेल्यावर मागे जो नाद रेंगाळतो, तसा तो अर्थ मागाहून कळतो. ही उपमा आम्ही वर्षानुवर्षे शिकवली. मौनाच्या दिवसांत तिची एक साधी बाजू ध्यानात आली. अनुरणन ऐकू यायला हवे असेल तर लगेच दुसरा टोल देऊन चालत नाही. आम्ही टोलावर टोल देत आलो होतो आणि काहीच घुमत नाही अशी तक्रार करीत होतो. त्या मुलाची हकीकत वर्षानुवर्षे आमच्या समोरच्या बाकावर बसलेली होती. ती ऐकू आली आमचा आवाज बंद पडल्यावर.

थांबल्याने अर्थ सापडतोच असे आमचे म्हणणे नाही. त्या दोन आठवड्यांत आम्हांला काही साक्षात्कार झाला नाही. शोधनिबंध अपुराच राहिला आणि पुढे तो आम्ही सोडून दिला. आवाज परत आला, पण पूर्वीइतका चढत नाही. टाचणवहीत आजही शेरे लिहितो. जिथे उदाहरण फसले तिथे फसले असेच लिहितो, कारण सहृदयता म्हणजे गुणवाढ नव्हे. फक्त त्याखाली आणखी एक ओळ लिहिण्याचा प्रयत्न असतो: त्या दिवशी आपण कोणत्या अवस्थेत वर्गात गेलो होतो. कधी लिहून होते, कधी राहून जाते.

आणि वर्गात कोणाला डुलकी लागली, तर तास संपल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारतो, 'रात्री झोप झाली होती का रे?' बहुतेक वेळा उत्तर 'हो सर, सहजच' असेच येते. कधीकधी नाही येत. तेव्हा आम्ही गप्प बसतो आणि ऐकतो. ते मौन मात्र कोणा डॉक्टरांनी सांगितलेले नसते.